तो जोड माझा होता, अप्पा

अप्पा, तुमची राख सावडून सगळे घरी आले, तेव्हा मी अंघोळ करून सरळ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. बायकांना वाटलं, सून एकटीच रडायला गेली. मी बादलीतले लाकडाचे चिकटवलेले तुकडे बघायला गेले होते. आदल्या शनिवारी आपण दोघांनी मिळून ते पाण्यात टाकले होते आणि बाहेर काढायचा दिवस तोच होता. बारापैकी दहा जोड टिकले. सुटले ते दोन्ही सागाचे. सागाच्या अंगात तेल असतं, तो धरायचा नाही, हे तुम्ही टाकतानाच बोलला होता. मी वहीत तसं लिहिलं, खाली तारीख घातली, आणि मग रडले.

आज सतरा दिवस झाले. भेटायला येणारे आता कमी झालेत. या दिवसांत मी एक गोष्ट चारचौघांत बोलले, जी तीन वर्षं तुमच्यासमोर बोलता आली नाही. मी ती बोलले, एवढं तुम्हाला कळायचं राहिलं. म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन मी जिंतूरला आले तेव्हा तुमचं माझं बोलणं चहापुरतंच होतं. सासूबाई होत्या तोवर सगळे निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्यावर घरात तुम्ही, दत्ता आणि मी. दत्ता दिवसभर त्याच्या मोबाइलच्या दुकानात, मी एसटीनं परभणीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला, आणि तुम्ही शेडमध्ये रंधा मारत. एका घरात राहून आपण दोघं एकमेकांना पाहुण्यासारखे होतो. बोलायला लागलो ते सोयाबीनच्या पेंडीमुळं.

कॉलेजात प्लायवूडची नवी कपाटं आली होती. दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. प्लायचे पदर ज्या गोंदानं चिकटवतात त्याचा तो वायू, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांतून पाणी आल्यावर नीट कळलं. तेव्हाच ठरवलं की आपल्याकडं पिकणाऱ्या वस्तूंतून असा गोंद करायचा, जो कुणाच्या डोळ्यांना लागणार नाही आणि जमिनीत गेला तर कुजून जाईल. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरते ती पेंड, थोडा चुना आणि चिंचोक्याचं पीठ. रविवारी मी ते मागच्या चुलीवर शिजवत होते. तुम्ही जवळ येऊन उभे राहिलात.

"काय शिजवायलीस?"

"गोंद."

तुम्ही वाकून वास घेतलात. "लाकूड धरंल का न्हाई म्हाईत न्हाई, पन बैल लय आवडीनं खाईल."

त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा माझ्यासमोर हसताना पाहिलं. मग तुम्ही खाली बसून तुमच्या वडिलांच्या सरसाची गोष्ट सांगितलीत. कच्च्या कातड्याचे तुकडे आणून ते गावाबाहेर शिजवायचे. वास असा की घरी आल्यावर तुमची आई त्यांना अंगणातच अंघोळ घालायची. आठवड्याच्या खटपटीनंतर गुळासारख्या वड्या पडायच्या. "त्या सरसानं जोडलेली पेटी मी फोडाया गेलो तर लाकूड फाटलं, जोड न्हाई सुटला," तुम्ही म्हणालात. "पन त्याला पान्याचं लय भ्या. भिजला की गेला."

माझ्या वहीत चिकटपणा मोजायचे रकाने होते. तुम्ही जोड फोडून त्यावरून बोट फिरवायचात आणि सांगायचात की कुठं गोंद हरला आणि कुठं लाकूड. मी कॉलेजच्या यंत्रावर तेच तुकडे तपासायचे तेव्हा आकडा तुमच्या बोटाच्या बाजूनं असायचा. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही फुशारकी माराल अशी भीती नव्हती. मलाच थोडं कमीपणाचं वाटायचं.

आता बाकांची गोष्ट.

पूर्णेकाठच्या त्या गावातल्या शाळेनं तुम्हाला बाकं करायला सांगितली. कडुनिंबाच्या अरुंद फळ्या कडेला कड लावून जोडायच्या आणि त्याचा वरचा भाग करायचा. मी हट्ट धरला की त्याला माझाच गोंद लावायचा. मला कॉलेजात अहवाल द्यायचा होता आणि त्यात प्रत्यक्ष वापराचा फोटो हवा होता. तुम्ही फळ्या आवळणारा शिकंजा घट्ट करता करता मान वर न करता विचारलंत, "पान्यात घालून बगितलंस का?"

मी म्हणाले, "बघितलं."

बघितलं होतं, अप्पा. एकदा. दोन तास. तुम्हाला अभिप्रेत होतं ते बघणं नव्हतं ते. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. सून बघितलं म्हणाली म्हणजे बघितलं.

बाकं देखणी झाली. मुख्याध्यापकांनी हार घालून फोटो काढला, तो माझ्या अहवालात गेला. पुढं श्रावणात त्या वर्गाचं छप्पर गळायला लागलं. एका खोलीतली बाकं तीन-चार दिवस ओली राहिली. चौथीतली ऋतुजा नावाची मुलगी बाकावर हात टेकून उठत होती, तेव्हा फळ्या सुटल्या आणि तिची करंगळी दोन फळ्यांच्या मध्ये चेंगरली. हाड मोडलं.

निरोप आल्यावर आपण दोघं दत्ताच्या गाडीवर गेलो. शाळेच्या पटांगणात माणसं जमली होती. मुलीची आई, सुमनबाई, मुलीला दवाखान्यातून घेऊन नुकतीच आली होती. मी सुटलेली फळी उचलली. कडेवर माझा गोंद ओल्या पिठासारखा बोटाला लागला. बघणाऱ्याला समजण्यासारखं होतं, आणि तुमचं तर काय, तुम्ही लांबूनच ओळखलं असणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी उघडणार नव्हतेच. तुम्ही पुढं झालात.

"चूक माजी हाय. फळ्या ओल्या व्हत्या. वाळायच्या आत रंधून बसवल्या."

चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसानं ओलं लाकूड वापरलं, हे कबूल करणं म्हणजे काय असतं, ते मला तिथंच कळलं, कारण गर्दीतला एक म्हातारा तुमच्याकडं बघून नुसती मान हलवून निघून गेला. सुमनबाई तुम्हाला वाटेल ते बोलली. तुम्ही टोपी हातात धरून ऐकून घेतलंत. मी तुमच्या मागं उभी होते. माझ्या हातात ती फळी होती.

परत येताना तुम्ही एकच बोललात, "भूक लागली."

त्यानंतर तुम्ही सगळी बाकं पुन्हा केलीत. खालून आडव्या पट्ट्या मारून, स्क्रू लावून. मी मदतीला आले तर म्हणालात, "तू तुजं कॉलेज बग." आजूबाजूच्या दोन-तीन गावांत 'अंबादास मिस्तरीचं लाकूड ओलं असतंय' असं लोक म्हणायला लागले. त्या गावांतून पुन्हा कुणी चौकट सांगायला आलं नाही. दत्ताला वाटायचं, वडिलांचं वय झालं, हात चुकायला लागलेत. त्यालाही मी सांगितलं नाही.

एकदा मी विषय काढला होता, आठवतं? तुम्ही करवतीचे दात घासत होता. मी म्हणाले, "अप्पा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

तुम्ही कानस थांबवली नाहीत. "तुजं समदं अजून व्हायचं हाय. माजं झालं."

मला तेव्हा तुमचा राग आला. मी ऋणी व्हायला हवं होतं, झालेही, पण रागही होता. तुम्ही मला न विचारता वाचवलंत. मी तिथं खरं बोलले असते तर नोकरी गेली नसती, फार तर मान खाली गेली असती. ती मान खाली घालायची संधी तुम्ही घेतलीत आणि मला कायमची तुमच्या पाठीमागं उभी करून ठेवलीत. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणाले असते तर आपलं कडाक्याचं भांडण झालं असतं. ते व्हायला हवं होतं, असं आता वाटतं.

गोंदाचं नाव घरात पाच-सहा महिने निघालं नाही. मग माघात एक दिवस तुम्ही स्वतःच म्हणालात, "तुला मासळीचे खवले पाह्यजे व्हते ना? येलदरीला होडी दुरुस्त कराया चाललोय. येतीस का?"

मी रजा टाकून आले. येलदरीच्या धरणाखाली बायका मासे साफ करत बसल्या होत्या, त्यांनी पिशवी भरून खवले दिले आणि मी ते शिजवून काय करणार हे ऐकून पोट धरधरून हसल्या. पुढं घरी ते शिजवले तेव्हा गल्लीतली सगळी मांजरं शेडच्या दाराशी बसली होती. गोंद चांगला उतरला. पाण्यात टाकला तर सकाळपर्यंत गेला, तुमच्या वडिलांच्या सरसासारखाच.

पण त्या दिवशी नदीत एक गोष्ट मिळाली. होडीचं काम झाल्यावर तुम्ही पाय धुवायला पाण्यात उतरलात आणि बसायला म्हणून एक दगड उलटा केलात. त्याच्या खालच्या अंगाला वाळूच्या कणांच्या बारीक नळ्या चिकटलेल्या होत्या, तांदळाएवढ्या. आत अळी. तुम्ही नखानं खरवडून पाहिलंत. निघेना.

"हे पान्यातच बांधतंय," तुम्ही म्हणालात. "ह्याला वाळवाया ऊन कुठनं मिळतंय?"

मी तुमच्या शेजारी दगडावर बसले आणि सांगायला लागले. ही अळी रेशमासारखा धागा सोडते, तो पाण्यातच धरतो. समुद्रातले काही शिंपले असेच खडकाला धरून बसतात, लाटा आपटल्या तरी सुटत नाहीत. त्यांच्या चिकात असे काही रेणू असतात, जे धाग्याधाग्यांना आपसांत बांधून टाकतात; मग वाळायची वाट बघावी लागत नाही. झाडांच्या तुरट रसात त्याच्या जवळपासचं काहीतरी असतं.

"तुरट म्हंजे? बाभळीच्या सालीसारखं?"

"हो. तसंच."

तुम्ही पाय पुन्हा पाण्यात सोडलेत. मग म्हणालात, "बाप सांगायचा, सरसाला कच्चंच कातडं घ्यायचं. कमावलेलं घेतलं तर कितीबी शिजव, सरस उतरत न्हाई. आन कातडं कमवत्यात कशानं? बाभळीच्या सालीनं."

मी वही पिशवीतच ठेवून आले होते. एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतलं. कातडं म्हणजे तरी काय, सरसच. साल त्याला असं बांधते की ते पाण्यात विरघळायचं विसरतं. मग सोयाबीनच्या गोंदाला सालीनं का बांधू नये? पुस्तकात हे सगळं सुटं सुटं मी वाचलेलं होतं. एकत्र जोडलं ते तुम्ही, पाय पाण्यात सोडून.

लगेच काही जमलं नाही. सालीचा काढा ओतला की गोंद दह्यासारखा फाटायचा. मी प्रमाण कमी-जास्त करत बसले. तुम्ही म्हणालात, साल आधी घालूच नको, लाकडाला लावायच्या अगदी आधी घाल, आणि मग हात चालव. तसं केल्यावर जमलं. पहिला तुकडा आठवडाभर पाण्यात राहून टिकला, तेव्हा तुम्ही तो छिन्नीनं फोडलात. लाकूड फाटलं. तुम्ही बोट फिरवून तुकडा माझ्या हातात दिलात. मी शेडबाहेर येऊन कडुनिंबाखाली थोडा वेळ नुसती उभी राहिले.

गेल्या पावसाळ्यात आपण एक जोडफळी उघड्या माळवदावर ठेवली. टिकली. मी संशोधनाचा लेख लिहिला आणि त्यावर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव घातलं. त्यावरून आपलं वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. नावाला तुमची फारशी हरकत नव्हती, लाजलात फक्त. हरकत होती ती आत्ता पाठवायला.

"तीन पावसाळे बग. मंग लिही."

"अप्पा, असं कुणी थांबत नाही. दुसरं कुणीतरी छापेल."

"छापू दे की. त्याचं बी टिकलं तर बरंच हाय."

आणि मग तो शुक्रवार. मी परभणीहून दमून आले होते, उन्हानं डोकं चढलं होतं. मी म्हणाले, तुमच्या म्हणण्याप्रमाणं चालले तर मी निवृत्त होईन. तुम्ही शांतपणे म्हणालात, "घाई केल्यावर काय व्हतंय, ते तुला म्हाईत हाय." तीन वर्षांत एवढं एकदाच. मी ताट तसंच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी आपण तुकडे पाण्यात टाकले, तेव्हा फक्त लाकडांपुरतं बोललो. बाभूळ, कडुनिंब, साग. पुढच्या गुरुवारी दुपारी जेवून तुम्ही बाजेवर आडवे झालात ते उठलाच नाहीत.

तुमच्या तेराव्याला ते मुख्याध्यापक आले होते. पंगत उठल्यावर माणसं मांडवात बसली होती, आणि ते म्हणाले, "मिस्तरी सरळ माणूस. आयुष्यात एकदा चूक झाली, तीबी चारचौघांत कबूल केली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाण्याचा जग घेऊन उभी होते. जग खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, लाकूड ओलं नव्हतं. तो जोड माझा होता. गोंद मी केला होता आणि पाण्यात नीट तपासला नव्हता. अप्पांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

दत्ता माझ्याकडं बघत राहिला. सर म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललात, मॅडम?"

"घाबरले."

"हे मला सांगून काय उपयोग," ते म्हणाले. "त्या पोरीच्या आईला सांगा."

रात्री दत्ता एवढंच म्हणाला, "अप्पांचा हात चुकला म्हणून मी त्यांना कितीदा बोललो." दुसऱ्या दिवशी गावाला गेले. सुमनबाईचं बिऱ्हाड उसाच्या तोडीवरून पाडव्यानंतरच परत आलं होतं. ती अंगणात सरपण फोडत होती. ऋतुजा आता सातवीत जाईल. तिची करंगळी पुरती वाकत नाही. मी विचारल्यावर तिनं हात पुढं करून दाखवली आणि म्हणाली, "लिहिता येतंय पन."

मी सुमनबाईला सगळं सांगितलं. ती कुऱ्हाड हातात धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तीन वरसं आमी त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या. तोडीवर, फडात, जिथं बसलो तिथं. मिस्तरी मेला म्हनून कळलं तर मातीला बी आलो न्हाई आमी. ते आता कुनाला परत द्यायचं, बाई?"



परवा, शुक्रवारी, ती आपल्या घरी आली. न सांगता. ऋतुजाला घेऊन, सकाळच्या गाडीनं. मी दार उघडलं तर म्हणाली, "फोटू कुठं ठेवलाय त्यांचा?" ओसरीत तुमच्या फोटोसमोर पदर सारखा करून उभी राहिली आणि मोठ्यानं, जसं माणूस समोर असल्यावर बोलतात तसं, म्हणाली, "मिस्तरी, आमी लय वंगाळ बोललो तुमाला. तुमी ऐकून घेतलं. आता आमचं काय करावं, ते तुमीच बगा." ऋतुजानं हात जोडले. मग दोघी जेवल्या. सुमनबाईनं शेड बघितली, तुकडे बघितले, एक तुकडा दगडावर आपटून पाहिला आणि मान हलवली.

लेख मी पाठवलेला नाही. अजून दोन पावसाळे आहेत.

दुपारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली. ऋतुजा खिडकीची जागा धरायला आत पळाली. सुमनबाई पायरीवर एक पाय ठेवून वळली.

"मला सांगून भागत न्हाई, बाई. गावात समद्यांच्या तोंडात त्येंचं नाव हाय. मंगळवारी आमच्या बचतगटाची बैठक असती. बाया समद्या असत्यात, दोन-चार बापे बी ऐकत बसत्यात. तिथं येऊन सांगा."

मी विचारलं, किती वाजता.

"चारला. उभं राहून सांगावं लागंल. मी म्होरं बसते."

मंगळवारी जातेय, अप्पा.